नांग्या

परवा मी माझ्याच खाचरातलं भात माझ्याच हातांनी उपटून शेजाऱ्याला दिलं. वर "उशीर झालाय, पण जगतील" असा दिलासाही त्यानेच मला दिला. कमरेचं दुखणं आज जरा कमी आहे, खरं दुखणं ते नाही.

लावणीला पंधरवडा झाला होता आणि भातापेक्षा गवतच जोमात होतं. तणनाशक मारायचं नाही हा माझा निश्चय. तो खुर्चीत बसून केलेला होता, हे आधीच कबूल करतो. निंदणी मात्र ओणव्याने करावी लागते.

तासाभरात बांधावर शेजारचे काका उगवले. तणासारखे, असं लिहिणार होतो. पण तण निदान बोलत तरी नाही. छत्री खांद्याला टेकवून ते उकिडवे बसले आणि मी उपटून टाकलेला ढीग त्यांनी पुढ्यात ओढला.

"हे गवत. हे गवत. हे भात."

मी ऐकलं नाही असं दाखवलं.

"हे भात. हे पण भात. हा लव्हाळा, आणि तोही वरून तुटलाय, गाठ खालीच राहिली, चार दिवसांत परत वर येईल. हे भात. अरे, तू नक्की काय काढतोयस?"

"गवत."

"आणि ठेवतोयस काय?"

मग रीतसर शिकवणी झाली. पान खोडापासून मागे वाकवायचं. सांध्यात पांढरट, पातळ, टोकाला दुभंगलेला पापुद्रा दिसतो, ती जिभली. शेजारी केसाळ कान. हे असलं की भात. मी प्रेमाने राखलेल्या एका टवटवीत रोपाचं पान त्यांनी वाकवून दाखवलं. सांधा गुळगुळीत. म्हणजे रानसावा, भातासारखं दिसणारं गवत. "ज्याला जीभ नाही ते गवत," काका म्हणाले. ज्याला आहे ते बांधावर बसतं, असं मी मनात म्हणालो.

आता यात माझा दोष किती? रानसाव्याला हे सोंग आपण माणसांनीच शिकवलंय. जे गवत वेगळं दिसलं ते निंदणाऱ्यांनी उपटलं. जे भातासारखं दिसलं ते वाचलं, त्याचं बी सांडलं. चीनमधल्या यांगत्से खोऱ्यातल्या सोंगाड्या रानसाव्याची जनुकं तपासून संशोधकांनी ही नक्कल सुमारे १,००० वर्षांपूर्वी सुरू झाल्याचं सांगितलंय. म्हणजे एकीकडे हजार वर्षांचा मुरलेला बहुरूपी आणि दुसरीकडे तीन हंगामांचा मी. त्यातली काही रोपं तर रोपवाटिकेतून भाताच्या रोपांच्या मुठीबरोबर आली असणार आणि मीच ती ओळीत लावली असणार. ओळीत म्हणजे माझ्या मते. काकांच्या मते माझ्या लावणीला ओळच नाही, म्हणून तर त्यात तण काढायचं कोळपं फिरत नाही.

ते पुढे बोलतच होते. पाणी कुठंय? दोन-तीन बोटं पाणी सतत उभं असतं तर हे बी उगवलंच नसतं. खेकड्याने बांधाला भोक पाडलंय ते बुजव. पुढच्या खेपेला चिखलणी करून आठ-दहा दिवस थांब, गवत उगवू दे, ते गाड आणि मग लाव. सगळं बरोबर होतं, हाच तर वैताग. चुकीचा सल्ला माणूस हसून सोडून देतो.

मीही विद्वत्ता पाजळली. म्हटलं, १८७९ साली अमेरिकेत विल्यम बील नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने तणांचं बी वाळूत मिसळून २० बाटल्यांत पुरून ठेवलं. २०२१ मध्ये त्यातली एक बाटली काढली, तर १४२ वर्षांनीही काही बी उगवलं! आणि बाटली काढतात रात्री, कारण क्षणभर उजेड लागला तरी पुष्कळ तणांचं बी जागं होतं.

"रात्री कशाला? तुझ्या खाचरात येऊन दिवसा बघ म्हणावं त्याला."

खरं तर काकांवर राग नाही. राग आहे तो बांधावरूनच "वा, विषमुक्त!" म्हणून फोटो काढून जाणाऱ्यांवर. रसायनमुक्त शेतीच्या व्याख्यानात एक वाक्य हमखास असतं, 'मजुरी थोडी जास्त लागते.' ही 'थोडी' म्हणजे चिखलात दिवसभर वाकलेल्या बायका. व्याख्यानाच्या फोटोत त्या नसतात. एरवी माझा निश्चयही त्यांच्याच कमरेवर उभा असतो. यंदा सगळ्यांची निंदणी एकाच आठवड्यात आली, कुणी मोकळं नव्हतं, म्हणून मी उतरलो. अर्ध्या दिवसात मला तणनाशकाच्या डब्याची स्वप्नं पडायला लागली, आणि तीही जागेपणी. हे मी इथेच लिहितोय, घरी बोललेलो नाही.

ढीग निवडून झाल्यावर काकांनी भाताची रोपं मोजली. एकतीस. "टाकूनच देणार होतास ना? आमच्यात नांग्या पडल्यात." नांग्या म्हणजे रोपं मरून लावणीत पडलेल्या मोकळ्या जागा. मी मान हलवली. दुसरं काय करणार? त्यांनी मुळं पाण्यात खळबळून घेतली, जुडी बांधली, "उशीर झालाय, पण जगतील" म्हणाले आणि गेले.

आज सकाळी पाहिलं तर एकतीसच्या एकतीस तरारली आहेत. मला बघून काकांनी लांबूनच हाक मारली,

"अरे, पलीकडच्या कोपऱ्यात अजून चार-पाच नांग्या आहेत. निंदायला कधी उतरतोयस?"