पिकअप पॉइंट : दोन किलोमीटर

गेल्या बुधवारी भर फेरीबोटीवर माझ्या किराणा मालाचं बिल एका गृहस्थांनी खणखणीत आवाजात वाचून दाखवलं. दाभोळचा धक्का सुटला तेव्हा आमची ओळखही नव्हती. धोपाव्याला उतरेपर्यंत त्यांनी मला माझ्या आजीपासून ओळखलं होतं, आणि आता त्यांच्याकडे माझा नंबरही आहे.

निमित्त एवढंच की पुण्याहून मेहुणी सहकुटुंब येणार होती. तिची मुलं सकाळी पोहे खात नाहीत, ओट्स खातात. साडूसाहेबांना ग्रीन टी लागतो. ही यादी घेऊन वाडीतल्या दुकानाची पायरी चढायची माझी छाती नव्हती.

दुकानाबद्दल गैरसमज नको. माल चोख, वजन चोख. पण दोन किलो साखर मागितली की साखर तागडीत पडायच्या आत प्रश्न पडतो. "पाव्हणे वाटतं?" हो. "पुण्याचे? म्हणजे धाकटी मेहुणी. त्यांचं ते फ्लॅटचं कोर्टातलं मिटलं का हो?" अर्धा किलो बेसन द्या, मी म्हणतो. "म्हणजे नाही मिटलं," असं म्हणत तो बेसन मोजतो. एखादी वस्तू दुकानात नसली तर तसं सांगायची पद्धत नाही. "ती कशाला हवी?" असा उलटा सवाल येतो, आणि दोन मिनिटांत आपल्यालाही ती कशाला हवी होती ते आठवेनासं होतं. उधारीची वही तर तो हायस्कूलचे सर मागे येऊन उभे राहिल्याशिवाय उघडतच नाही.

तेव्हा ठरवलं, ऑनलाइन मागवू. फोनला तोंड नाही, नातेवाईक नाहीत.

ॲपने माझा पत्ता घेतला आणि घरपोच सेवा आपल्या भागात नाही म्हणून कळवलं. हे अपेक्षितच होतं. आमच्याकडे घरपोच येतं ते विजेचं बिल. पण खाली लिहिलं होतं, 'जवळचा पिकअप पॉइंट निवडा', आणि जवळचा पॉइंट त्याने स्वतःच निवडूनही ठेवला होता. अंतर दोन किलोमीटर, वेळ सहा मिनिटं. पैसे भरायला ओटीपी लागतो आणि आमच्या घरात रेंज नाही, म्हणून मी गडग्यावर, म्हणजे आवाराच्या दगडी कुंपणावर, चढून उभा राहिलो. ओटीपी आला, तो टाकेपर्यंत ॲपने वेळ संपल्याचं जाहीर केलं. पुन्हा गडगा. खालून आमचे शेजारी म्हणाले, "कौलं शाकारताय?" शेवटी पैसे गेले, आणि मग पॉइंटचा पत्ता उघडला. दाभोळ.

ज्यांना हा मुलूख ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. दाभोळ आमच्यापासून दोन किलोमीटरवर आहे, यात खोटं काही नाही. पडवीत उभं राहिलं तर तिथले दिवे दिसतात, वारा पडलेला असला तर बांगही ऐकू येते. फक्त मधे वाशिष्ठीची खाडी आहे. आम्ही गुहागर तालुक्यात, ते दापोली तालुक्यात. रस्त्याने जायचं तर चिपळूणला वळसा, म्हणजे शंभर किलोमीटरच्या वर. नाहीतर फेरीबोट. सहा मिनिटांत पोचायला माणूस बगळाच हवा.

या खाडीने भल्याभल्यांना चकवलंय म्हणा. तो गाजलेला दाभोळ वीज प्रकल्प, ज्याच्यावरून सरकारं भांडली, मोर्चे निघाले आणि ज्याची अमेरिकेतली मूळ कंपनी २००१ साली दिवाळ्यात गेली, तो उभा आहे आमच्या बाजूला, अंजनवेल-वेलदूरच्या हद्दीत. जमिनी गेल्या गुहागर तालुक्याच्या, नाव झालं पलीकडच्या दाभोळचं. एवढ्या मोठ्या प्रकल्पाच्या कागदावर जी खाडी आडवी आली नाही ती माझ्या ओट्सना कुठून यायला?

ऑर्डर रद्द केली तर पैसे 'सात ते दहा कामकाजाच्या दिवसांत' मिळणार होते आणि मेहुणी शुक्रवारी येणार होती. गेलो. पिकअप पॉइंट म्हणजे झेरॉक्स आणि रिचार्जचं एक दुकान. कानात बोंडं घातलेल्या मुलाने पिशवी पुढे सरकवली आणि "खोबरेल नव्हतं, त्याच्या बदल्यात दुसरं दिलंय" एवढं बोलून तो पुन्हा मोबाइलमध्ये गेला. पिशवीचं तोंड स्टेपल केलेलं, आणि बिल बाहेरच्या बाजूला, हातभर लांब, वाऱ्यावर फडफडत. वाडीतला दुकानदार निदान आतलं बाहेर काढायला तोंड वापरतो. इथे सगळं छापूनच दिलं होतं.

बोटीवर बाकावर बसलो. शेजारी ऐंशीच्या आसपासचे एक गृहस्थ, चष्म्याला दोरी, मांडीवर छत्री. पिशवी दोघांच्या मधे. बोट निघते न निघते तोच फडफडणारं बिल त्यांच्या हातावर आपटलं. त्यांनी ते धरलं, अंगठ्याला थुंकी लावून घडी उलगडली, चष्मा नाकावर खाली घेतला आणि सुरुवात केली.

"रोल्ड ओट्स, एक किलो. अकरा शून्य चार." ते थांबले. "हे अकरा शून्य चार काय?"

"जीएसटीसाठी असतं, काका. मालाचा कोड."

"चारच आकडे? कोडला सहा लागतात. उभा जन्म पोस्टात गेला माझा."

मी बिल हळूच ओढून पाहिलं. ज्या हातांनी उभा जन्म टपाल धरलं त्यांच्याकडून कागद सुटत नाही.

"१५ ऑगस्ट १९७२," समोरच्या बाकाकडे वळून काका म्हणाले. "त्या दिवशी पिन कोड सुरू झाला. मी नवीनच लागलो होतो. काढला कुणी, माहितीय? श्रीराम भिकाजी वेलणकर. संस्कृतचे पंडित! पहिला आकडा चार म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड. पहिले तीन, चारशे पंधरा, त्यात आपण आणि सातारा. पुढच्या तिनांत तुमचं पोस्ट. आता सांगा, साताऱ्याचं पत्र कधी तुमच्या घरात पडलं?"

"नाही."

"मग तुमचे हे ओट दाभोळात कसे पडले?"

हा प्रश्न मलाही पडला होता, आणि माझ्यापेक्षा त्यांनी तो फार चांगला विचारला होता. पण मी काही बोलायच्या आत ते पुढच्या ओळीवर गेले. ग्रीन टी वाचला. "पोट बिघडलंय का?" असं सहानुभूतीने विचारलं. चीज स्लाइस वाचले. टॉयलेट क्लीनर जरा जास्तच मोठ्याने वाचला. बोटीच्या इंजिनाचा आवाज एवढा असतो की एरवी शेजारच्याचं बोलणं कळत नाही, पण काकांचा आवाज खाली स्कूटरवाल्यांपर्यंत जात होता. पलीकडून एक मासेवाली काकी रिकामी पाटी घेऊन येऊन आमच्या बाकापाशी उभी राहिली.

"डेसिकेटेड कोकोनट," काका म्हणाले, "अडीचशे ग्रॅम. शून्य आठ शून्य एक. शून्यावरनं पिन सुरूच होत नाही, सरळ खोटा आहे हा."

"कोकोनट म्हंजे?" काकीने विचारलं.

"नारळ," एक कॉलेजचा मुलगा म्हणाला. "किसलेला. सुका."

"इकत?"

आता गप्प बसणं शक्य नव्हतं. मी म्हटलं, हे मी मागवलेलं नाही. मी खोबरेल तेल मागवलं होतं, ते त्यांच्याकडे संपलं, म्हणून त्यांनी आपल्या मनाने हे दिलं.

"म्हंजे खोबरेलपन इकतच," काकी म्हणाली.

"माड नाहीत तुमच्याकडे?" काकांनी चष्मा काढला. वाचन संपलं, तपास सुरू.

"आहेत."

"किती?"

"सात."

"सात," काका म्हणाले, आणि त्यांनी ते बिल घडी करून माझ्या हातात दिलं.

मागच्या बाकावरच्या एका दयाळू माणसाने मला सोडवायचा प्रयत्न केला. "निसर्गात गेले असतील हो त्यांचे." जून २०२० च्या त्या 'निसर्ग' चक्रीवादळात इकडच्या कित्येक बागा आडव्या झाल्या, तेव्हा बोटीवरच्या सगळ्यांना हे पटण्यासारखं होतं. मी मान हलवणारच होतो, तेवढ्यात खालून, स्कूटरवर बसल्या जागेवरून, आमच्याच वाडीतला एक पोरगा ओरडला, "नाय ओ! यांचा एकपन पडला नाय!"

आता या माडांचं खरं काय ते इथे तरी सांगू द्या, बोटीवर कुणी ऐकून घेतलं नाही. सात माड आहेत आणि साताही माडांना नारळ आहेत. ते वर आहेत. माडावर चढणारा आमच्या पंचक्रोशीत एक माणूस उरलाय, त्याचा मुलगा लोट्याला कारखान्यात लागला, आणि आता तो स्वतःही गुडघ्याचं ऑपरेशन कधी करायचं ते विचारत असतो. शिडी आणली तर ती वापरणारा कोण? मी साठीला टेकलोय. खाली पडतात ते वानरांनी कुरतडून टाकलेले कोवळे. वानरांबद्दल अर्ज केला तर पंचनामा होतो, पंचनाम्याचा फोटो निघतो, फोटोत वानर मागे माडावर बसलेलं दिसतं. तेव्हा आवारात सात माड असून आम्ही नारळ विकत आणतो, तेही कधीकधी केरळातले, आणि बायको तो फोडताना दर वेळी एकदा वर बघते. यात हसण्यासारखं काय आहे ते त्या मासेवालीला विचारायला हवं.

"कुणाचे तुम्ही?" काका आता हळू आवाजात विचारत होते. मी सांगितलं. वाडी सांगितली. त्यांनी डोळे बारीक केले.

"वरचं घर? विहिरीपाशी चाफा होता?"

"हो."

"अरे, मग तू काय लावलंयस मघापासून काका-काका! तुझ्या आजीचा अंगठा घेतलाय मी मनीऑर्डरवर. दर महिन्याला. बाप तुझा गिरणीत होता ना? पैसे मोजून हातात द्यायचो तिच्या, दारात. ती फुटाणे द्यायची." मग ते थोडं थांबून म्हणाले, "१९८२ च्या संपानंतर नाही आली कधी."

बाबांची गिरणी जानेवारीत बंद पडली ती पडलीच. यावर आम्ही दोघंही पुढे काही बोललो नाही. पण मनात आलं ते सांगतो. तेव्हा रस्ता नव्हता, वाडीत वीज नव्हती, खाडी ओलांडायला साधी होडी. आणि परळहून टाकलेले पैसे वरच्या घरात, चाफ्यापाशी, आजीच्या हातात येत होते. तिला कुणी पॉइंटवर बोलावलं नाही. आता माझ्या फोनला मी कुठे उभा आहे ते उपग्रहावरून कळतं, आणि खोबरेल आणायला मी तिकीट काढून तालुका ओलांडतो. आमच्या वाडीत निम्म्या घरांत दोन-दोन म्हातारी माणसं आहेत. त्यांची मुलं मुंबईहून फोन करून सांगतात, "आई, ऑनलाइन मागव ना, किती सोपं आहे." म्हातारीने गडग्यावर चढायचं का, ते कुणी सांगत नाही.

तेवढ्यात फोन वाजला. खाडीच्या मध्यावर रेंज उत्तम. ॲपने विचारलं होतं, 'आपला अनुभव कसा होता?' आणि पाच चांदण्या.

"तक्रार आहे का त्यात?" काकांनी फोन घेतला. "लिही, मी सांगतो. विषयापासून."

"काका, त्यात विषय नसतो."

"विषयाशिवाय अर्ज जातो कुठे? लिही. विषय : खोबरेल तेलाऐवजी नारळाचा भुगा दिल्याबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की, अर्जदार हा सात माडांचा मालक असून..."

अर्जदार सात माडांचा मालक असल्याचं लिहिता लिहिता रकान्यातली अक्षरं संपली. काकांनी ते मान्य केलं नाही. त्यांच्या मते पुढचं 'मागे पाहा' लिहून मागच्या बाजूला घ्यायचं असतं. धोपाव्याची जेट्टी आली, फळी पडली, स्कूटरी धुराचे लोट सोडत निघाल्या, आणि मी तसाच अर्धा अर्ज पाठवून दिला.

घरी जाताना वाटेत दुकान लागतं. मी पलीकडच्या कडेने, पिशवी शर्टाआड घेऊन चाललो होतो. तो पोरगा स्कूटरवरून माझ्या आधी पोचला होता. दुकानदार बाहेर येऊन काही बोलला नाही; त्याने फक्त खोबरेलाच्या बाटल्या बरणीमागून काढून पुढच्या फळीवर मांडल्या. त्या अजून तिथेच आहेत. गिऱ्हाईक आलं की तो त्या पुसतो.

मेहुणी आली नि गेली. मुलांनी तिन्ही दिवस घावन खाल्ले. ओट्सचं पाकीट फोडलेलंही नाही.

ॲपचं उत्तर आलंय. 'आपल्याला नारळ उत्पादनांमध्ये रस असल्याचे पाहून आनंद झाला.' सोबत चाळीस रुपयांचं कूपन. किमान खरेदी चारशे नव्व्याण्णवची, मुदत रविवारपर्यंत, आणि माल त्याच पॉइंटवरून उचलायचा. मी जाणार नाही. काल संध्याकाळी काकांचा फोन आला, तेव्हा त्यांनाही ठणकावून सांगितलं.

"नको जाऊस," ते म्हणाले. "असल्यांना धडा शिकवायलाच हवा." मग आवाज खाली आला. "पण जायचं झालंच, तर तो भुगा एक पाकीट आण. सुनेला वड्यांना हवाय. आणि बिल आत टाकून आण हां, पिशवीत."