‘मशीन घ्या, धंदा वाढेल’ या संदेशाला उत्तर

सांगली-मिरज-कुपवाडच्या उद्योजकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक संदेश फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: ‘लीन, फाइव्ह-एस हे मोठ्या कंपन्यांचे चोचले. जपानी खूळ आपल्या मातीत रुजत नाही. सल्लागार लाखो रुपये उकळतात. छोट्या कारखानदाराची अडचण एकच, मशीन कमी. कर्ज काढा, सीएनसी घ्या, धंदा वाढेल. पेमेंट उशिरा येणं हा तर बाजाराचा नियमच.’ (लीन म्हणजे कामात वाया जाणारा वेळ आणि माल कमी करण्याची, टोयोटात घडलेली पद्धत. फाइव्ह-एस म्हणजे प्रत्येक वस्तूला ठरलेली जागा देऊन शेड आवरून ठेवण्याची शिस्त. सीएनसी म्हणजे संगणकावर चालणारी मशीन.) लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असेलही, पण एवढ्या भरवशावर कुणी कर्जाच्या कागदांवर सही करू नये असं मला कळकळीनं वाटतं.

आधी मशीनचा मुद्दा, कारण पैसा तिथेच अडकतो. कुपवाड एमआयडीसीत दहा-बारा माणसांच्या एखाद्या जॉबवर्क शेडमध्ये, म्हणजे दुसऱ्यांचे सुटे भाग बनवून देणाऱ्या कारखान्यात, जॉब बदलताना उभं राहून बघा. सेटर, म्हणजे नव्या कामासाठी मशीन लावणारा कारागीर, सॉफ्ट जॉ (जॉब पकडणारे जबडे) शोधतोय. मागच्या वेळी ते कुठल्या खोक्यात टाकले हे रात्रपाळीच्या पोराला माहीत, आणि तो घरी झोपलाय. एलन की शेजारच्या मशीनवर. इन्सर्ट, म्हणजे कापणाऱ्या टूलचं पातं, कपाटात, कपाटाची किल्ली मालकाच्या खिशात आणि मालक मिरजेला बँकेत. शेवटी पहिला पीस निघतो, तर तपासायला मायक्रोमीटर मोकळा नाही. दोन तास गेले. यात सेटरचा दोष नाही, त्याचा हात चांगलाच आहे. त्याला लागणारी वस्तू वेळेवर हाताशी नाही, एवढंच.

अशी दोन सेटिंग झाली की आठ तासांच्या पाळीतले चार तास संपले. इथे दुसरी मशीन आणली तर तीही चारच तास चालेल, हप्ता मात्र पुरा भरावा लागेल. २५ लाखांचं कर्ज, ११ टक्के व्याज, पाच वर्षं मुदत धरली तर महिन्याला सुमारे ५४ हजार. उलट, आधीचा जॉब चालू असतानाच पुढच्याचे जॉ, टूल, गेज आणि ड्रॉइंग एका ट्रॉलीवर काढून ठेवलं आणि सेटिंग पाऊण तासावर आलं, तर आहे त्याच मशीनचे रोज अडीच तास हाती लागतात. हे सगळं करूनही मशीन पाळीभर अखंड चालत असेल आणि ऑर्डर परत पाठवाव्या लागत असतील, तर नवी मशीन जरूर घ्या. तेव्हा ते कर्ज फिटतं.

‘मोठ्यांचे चोचले’ हे तर इतिहासाच्या अगदी उलट आहे. १९५० साली टोयोटा दिवाळखोरीच्या दारात होती. कंपनीचे संस्थापक किइचिरो तोयोदा यांना अध्यक्षपद सोडावं लागलं. ढीगभर प्रेस घ्यायला पैसा नव्हता, म्हणून मोजक्या प्रेसवर भराभर डाय (पत्र्याला आकार देणारे साचे) बदलणं कंपनीला भाग पडलं. पुढे १९६९ मध्ये जपानी अभियंता शिगेओ शिंगो यांच्या मदतीनं तिथल्या हजार टनी प्रेसचं चार तासांचं सेटिंग आधी दीड तासावर आणि नंतर तीन मिनिटांवर आलं. भांडवल नसलेल्यांनी काढलेली ही वाट आहे.

‘आपल्या मातीत रुजत नाही’ असं सांगली जिल्ह्यात तरी कुणी म्हणू नये. लोखंडी नांगरानं जमिनीत विष भिनतं, असं म्हणून शेतकरी लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या नांगराला हात लावायला तयार नव्हते. त्याच लक्ष्मणरावांनी १९१० साली कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी ही कारखान्याची वसाहत उभी केली. म्हणजे नवी गोष्ट या मातीतही रुजते.

सल्लागारांबद्दलची तक्रार मात्र थोडी खरी आहे. भिंतीवर तक्ते चिकटवून, फोटो काढून, प्रमाणपत्र देऊन निघून जाणारे आहेतच. अशांना दारातूनच परत पाठवा. पण लाखोंच्या खर्चाचा बाऊ नको. केंद्राची एमएसएमई (सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योग) लीन योजना मार्च २०२३ मध्ये नव्यानं सुरू झाली. तिची पहिली पायरी फुकट आहे आणि पुढच्या पायऱ्यांवर सल्ल्याच्या खर्चाचा ९० टक्के वाटा सरकार उचलतं. त्यासाठी उद्यम नोंदणी, म्हणजे सरकारी पोर्टलवर उद्योगाची नोंद, लागते.

राहिला पेमेंटचा मुद्दा. बाजाराचा नियम काहीही असो, देशाचा कायदा वेगळा आहे. २००६ च्या एमएसएमई कायद्याच्या कलम १५ नुसार सूक्ष्म किंवा लघू उद्योगाचे पैसे करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय १ एप्रिल २०२४ पासून, मुदत चुकवलेल्या बिलाची रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत ती पार्टीला, म्हणजे माल घेणाऱ्या कंपनीला, आयकरात खर्च म्हणून वजा करून मिळत नाही. पार्टीच्या सीएला हे पक्कं ठाऊक असतं. मोठ्या पार्टीशी भांडायला मन धजत नाही हे समजतं, पण प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक आणि देय तारीख छापायला भांडावं लागत नाही. तेवढं तरी उद्याच्या बिलापासून करा. आणि कर्जाची फाइल तयार असेल तर ती आठवडाभर बाजूला ठेवून मशीनशेजारी एक वही टांगा: मशीन कधी थांबली, किती वेळ, कशामुळे. ऑपरेटरनं स्वतःच्या हातानं लिहायचं आणि त्यावरून कुणीही त्याला बोलायचं नाही, नाहीतर दुसऱ्या दिवसापासून वहीत खोटं उतरेल.