‘मी पण फॅन!’ म्हणणाऱ्यापासून सावध राहा

लिफ्टमध्ये शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाचा फोन वाजतो आणि रिंगटोन म्हणून तुमच्या लाडक्या मालिकेचं शीर्षकसंगीत सुरू होतं. तुमचा चेहरा उजळतो. शब्द अगदी ओठांवर येतात, “अहो, तुम्ही पण?”

गिळा ते शब्द. इथेच भलेभले घसरतात. पुढच्या चार मजल्यांत तुम्ही बोलायला लागाल, तोही खुलेल, एकमेकांचे आवडते प्रसंग सांगून होतील आणि दार उघडेपर्यंत तुमच्या आयुष्यात एक माणूस वाढलेला असेल. माणूस वाढला की त्याची पाठदुखी आली, त्याच्या साहेबाच्या तक्रारी आल्या, त्याचं घर बदलणं आलं. एका रिंगटोनपायी एवढं ओढवून घ्यायचं? तेव्हा आधी परीक्षा घ्या.

परीक्षेत “तुम्हाला काय आवडलं?” हा प्रश्न चुकूनही विचारू नये. त्याचं उत्तर कुणालाही देता येतं, आणि त्याहून वाईट म्हणजे ते ऐकत बसावंसं वाटतं. प्रश्न असा हवा की आवडीचा आणि उत्तराचा काडीचा संबंध नसावा. तिसऱ्या सीझनच्या चौथ्या भागात नायकाच्या शेजारणीच्या कुत्र्याचं नाव काय? समोरचा गडबडला की एक भुवई किंचित वर न्यायची आणि म्हणायचं, “असो.” या दोन अक्षरांत जेवढा अपमान मावतो तेवढा पानभर शिव्यांत मावत नाही. आणि समजा, त्याला कुत्र्याचं नाव आलं (काही नतद्रष्टांना खरंच येतं), तर दुसरा पेपर तयार ठेवा: “कधीपासून बघताय?” त्याने कोणतंही साल सांगू दे, तुम्ही त्याच्या दोन वर्षं आधीपासून बघताय. “आम्ही बघायचो तेव्हा कुणी बघत नव्हतं” हे वाक्य घोकून ठेवा. कुणीच बघत नव्हतं तर ‘आम्ही’ कोण होतो, हे विचारायचं समोरच्याला सुचत नाही.

कुणी म्हणेल, एवढं कडक कशाला? अहो, ‘फॅन’ हा शब्दच ‘फॅनॅटिक’ची शेपटी कापून झालाय. कापलेली शेपटी जोडायचं काम आपल्यावर सोपवलेलं आहे.

पास झालेल्यांना लगेच कवेत घेऊ नका. त्यांच्यात पंक्ती पाडायच्या बाकी आहेत. सगळ्यात वरचं पान अर्थातच आपलं. त्याखाली दर आठवड्याला एक भाग बघून पुढच्यासाठी सात दिवस तळमळलेले लोक. त्याखाली सगळे सीझन आल्यावर तीन रात्रींत फडशा पाडणारे. यांना मालिका कळली असेल, पण यांनी वाट पाहिलेली नाही, आणि वाट पाहणं ही आपली लष्करी सेवा आहे, तिची पेन्शन आपण तहहयात खाणार. त्याखाली दीडपट वेगाने बघणारे. त्याखाली मूळ भाषा सोडून डबिंगमध्ये बघणारे. आणि अगदी उंबऱ्याबाहेर, “मी नाही बघत, पण बायको बघते म्हणून बघितलं जातं” असं म्हणणारे, ज्यांचे डोळे शेवटच्या भागात सगळ्यांच्या आधी भरून येतात. त्यांच्याकडे बघूसुद्धा नका. संसर्गजन्य असतं ते.

एवढं झालं की सर्वनामांकडे वळा. 1976 साली रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या विद्यापीठांत फुटबॉलचा संघ जिंकला की पुढच्या सोमवारी जास्त विद्यार्थी विद्यापीठाच्या नावाचे कपडे घालून वर्गात येत. फोन करून सामन्याबद्दल विचारलं तर जिंकल्यावर “आपण जिंकलो” अशी भाषा जास्त, हरल्यावर कमी. म्हणजे मैदानावर एक तंगडीही न हलवता विजयात भागीदारी, आणि पराभवात आपण त्या गावचेच नाही. मालिकेलाही हाच नियम लावा. सीझन चांगला निघाला तर “आपण काय मस्त शेवट केला!” भिकार निघाला तर “वाट लावली यांनी!” सोफ्यावर आडवं पडून पटकथेचं श्रेय घेणं कठीण वाटेल, पण सरावाने जमतं. मला जमतं.

स्पॉइलरबद्दल फार बोलत नाही. तुम्ही एक भाग पुढे असाल तर त्या सत्तेचा पुरेपूर उपभोग घ्या. “मी काही सांगणार नाही, फक्त रुमाल जवळ ठेव” एवढंच म्हणा. न सांगता सगळं सांगून झालं, वर सोज्वळपणा शाबूत. 2011 मध्ये लेव्हिट आणि क्रिस्टनफेल्ड या दोन संशोधकांनी लोकांना लघुकथा वाचायला दिल्या, तेव्हा शेवट आधी कळलेल्या कथा लोकांना सरासरीने थोड्या जास्तच आवडल्या. ही बातमी बाहेर फुटू देऊ नका. शेवट कळूनही मजा येते असं एकदा ठरलं की आपण धमकी तरी कशाची देणार?

आता मुख्य धोक्याकडे येतो. यासाठीच हा सगळा खटाटोप.

कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांनी 2018 साली मैत्रीला किती तास लागतात याचा हिशेब मांडला. नुसत्या ओळखीच्या माणसाचा जुजबी मित्र व्हायला साधारण 50 तास, त्याचा मित्र व्हायला 90, आणि जिवलग व्हायला 200 च्या वर. आता आठ सीझनची मालिका धरा. सीझनला दहा भाग, भाग तासाभराचा. दोघांनी शेजारी बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळी पाहिली तरी भरतात 80 तास. मैत्रीला दहा कमी! जिवलगपणाला तर एकशे वीसहून जास्त. आणि मालिका तर संपली.

हे वरचे तास कशाने भरतात, ते नीट लक्षात घ्या. ते अवांतर गप्पांनी भरतात. भाग संपल्यावर निघता निघता दारात उभ्याने होणाऱ्या गप्पांनी. सुरुवात निरागस असते. “तो खलनायक अगदी आमच्या साहेबांसारखा बोलतो.” झालं! आता साहेब आला. साहेबापाठोपाठ त्याने नाकारलेली रजा आली, रजा कशाला हवी होती ते आलं, आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन आलं. पुढच्या वेळी तुम्ही भेटल्याबरोबर काय विचारता? “नवा भाग पाहिलास?” नाही. “आई कशी आहे?” चाहतेपणाला कीड लागते ती अशी.

मी डोळ्यांनी पाहिलेली एक केस सांगतो. आम्ही चौघं एका मालिकेसाठी जमायचो. एका भागात नायकाचे वडील जातात आणि तो घरी येऊन दाराशी पडलेल्या त्यांच्या चपला सरळ करून ठेवतो. संवाद नाही, संगीत नाही. आमच्यातली एक जण रडायला लागली. काल्पनिक माणसासाठी रडायला माझी हरकत नाही, त्याला मोठी परंपरा आहे. 1893 मध्ये कॉनन डॉयलने शेरलॉक होम्सला कड्यावरून खाली पाठवलं तेव्हा वाचकांनी संतापून पत्रं लिहिली होती, आणि दहा वर्षांनी, 1903 मध्ये, लेखकाला त्याला सहीसलामत परत आणावं लागलं. पण हिचं रडणं थांबेना. मग ती म्हणाली, “बाबांच्या चपला मी अजून हलवल्या नाहीत.”

खोलीत कुणी काही बोललं नाही. पुढचा भाग आपोआप सुरू झाला तो कुणीतरी बंद केला.

अशा वेळी जाणकार चाहत्याने तत्काळ विषय बदलायला हवा. “त्या दृश्यात कॅमेरा उंबऱ्याच्या पातळीवर होता, पाहिलंस का?” असं काहीतरी विचारायला हवं. मी विचारणार होतो. पण घसा धरला होता, हवामानामुळे. त्या रात्री मालिकेवर चकार शब्द झाला नाही आणि आम्ही उठलो तेव्हा उजाडत आलं होतं. एकाच बैठकीत सात तास! हॉलसाहेबांच्या खात्यावर कुणाचा अंकुश नसला की असं होतं.

यापेक्षा पडद्यावरच्या मंडळींशी एकतर्फी नातं ठेवावं, हे उत्तम. 1956 मध्येच हॉर्टन आणि वोल यांनी त्याला शास्त्रीय नाव देऊन टाकलंय, ‘पॅरासोशल’. म्हणजे आपण त्यांना ओळखतो, ते आपल्याला नाहीत. केवढी सोय! नायकाला तुमच्या घराचा पत्ता माहीत नसतो. नायिका रात्री अकराला फोन करून “झोपला होतास का?” असं विचारून उठवत नाही. त्यांच्या दुःखात तुम्ही सामील होता, पण त्यांच्या दवाखान्याच्या पायऱ्या तुम्हाला चढाव्या लागत नाहीत, आणि पॉजचं बटण तुमच्या हातात असतं. शेजारी बसलेल्या माणसाला पॉजचं बटण नसतं. मी शोधलंय.

आता तुम्ही विचाराल, मग तुमचे ते तिघं? विचारणार, माहीत होतं. मालिका संपून सहा वर्षं झाली. शेवटचा सीझन सगळ्यांच्या मते भिकार होता (“वाट लावली त्यांनी”). त्यानंतर आमच्या एकत्र येण्याला कोणताही तात्त्विक आधार उरलेला नाही, हे मी प्रत्येक भेटीत स्पष्ट करतो. तरी भेटी होतातच. विषय काय, तर कुणाची दाढ, कुणाच्या मुलाचं गणित, कुणाचा घटस्फोट. एकदा मी हट्टाने दुसरा सीझन पुन्हा लावला. चौदाव्या मिनिटाला दाढेवर चर्चा सुरू झाली.

त्यात एक जण तर मुळात परीक्षेत नापास झालेला. त्याला कुत्र्याचं नाव कधीच आलं नाही. नायकाचं नावही तो एक अक्षर चुकवून घेतो आणि दुरुस्त केलं की म्हणतो, “तेच ते.” मालिकेतलं सगळ्यात गाजलेलं वाक्य तो दर वेळी नव्याने चुकवतो. पंक्तीत त्याला कुठे बसवायचं यावर मी पहिलं वर्ष घालवलं. उंबऱ्याबाहेरही त्याला जागा नव्हती, पण तो तोवर आत येऊन बसला होता.

गेल्या महिन्यात मी घर बदललं. सामान हलवायला हाच आला, सकाळी सहाला, न बोलावता. आमचं जुनं लाकडी कपाट तिसऱ्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर अडकलं. वर जाईना, खाली येईना. खालून त्याने खांदा लावलेला, वरून मी धरलेलं, दोघांच्या मध्ये आरसा. त्याचा चेहरा दिसत नव्हता. धापा टाकत तो मालिकेतलं ते गाजलेलं वाक्य म्हणाला, जे नायक पूल कोसळताना म्हणतो. चुकीचं म्हणाला. क्रियापदच बदललं.

“‘थांबू’ नाही, ‘टिकू’,” मी वरून म्हटलं. “आणि ते दुसऱ्या सीझनमध्ये आहे, पहिल्या नाही.”

कपाटाखालून आवाज आला, “पहिल्या कोण म्हणालं? तू आधी तुझी बाजू उचल.”