दंड साडेतेरा

दिवाळी पहाटेला ठाण्याच्या राम मारुती रोडवर साडी नेसून जायचं लेकीच्या ग्रुपचं ठरलं, म्हणून ब्लाउजची मापं द्यायला आम्ही नौपाड्यात शिंप्याकडे गेलो. मास्तरांनी टेप लावली आणि पोऱ्याला ओरडून सांगितलं, "दंड साडेतेराऽऽ!" बाकावर तिघीजणी बसल्या होत्या. एकीने मान वर केली. लेक पुटपुटली, "बाही कोपरापर्यंत करा." आणि घरी आल्यावर, "मी जातच नाहीये."

एसवायला आहे. मी ठेवणीतलं वाक्य काढलं, "अगं, कोण बघतंय तुझ्याकडे?"

पुराव्यादाखल एक प्रयोगही वाचून दाखवला. कॉर्नेल विद्यापीठातल्या गिलोविच आणि सहकाऱ्यांनी तो २००० साली प्रसिद्ध केला. कॉलेजच्या मुलांना लाज वाटेल असा टीशर्ट घालून भरल्या खोलीत पाठवलं. मुलांना वाटलं, निम्म्या लोकांनी तरी पाहिलं असणार. प्रत्यक्षात जेमतेम चौथाईच्या लक्षात आलं.

"म्हणजे चारातला एक बघतोच ना?" लेक म्हणाली.

गप्प बसले. कारण तो चौथा कोण, हे मला माहीत आहे. तो तलावपाळीवरचा परका मुलगा नसतो. गणपतीत "कॉलेज मानवलं हो तुला!" म्हणणारी आत्या असते. तिसरी पोळी वाढताना क्षणभर थांबणारा माझा हात असतो. भाच्याला "काडी पैलवान" म्हणून आम्हीच हसलो, आता तो प्रोटीनच्या डब्यासाठी बापाशी भांडतो, तर म्हणे आजकालची मुलं!

फोनला दोष देणं सोपं आहे. तोही निर्दोष नाहीच म्हणा. सेल्फीत नाक फेंदारलेलं दिसतं म्हणून ती रडली होती. १२ इंचांवरून काढलेल्या फोटोत नाक जवळपास ३० टक्के जास्त रुंद दिसतं, असं २०१८ च्या एका अभ्यासात निघालं. हे सांगितल्यावर तिला खरंच हायसं वाटलं. पण आत्याला कुठली लेन्स लावायची?

काल ब्लाउज आणायला एकटीच गेले. धीर करून म्हटलं, "मास्तर, मापं जरा हळू सांगत जा." ते खरोखर चकित झाले. "ताई, तीस वर्षं असंच सांगतोय. कुणी कधी काही बोललं नाही."

मीही नव्हते बोलले. त्यांनी कंबरेला टेप लावली की मी आजही पोट आत घेते.