काटा पडला की असेंब्ली बदला? जरा थांबा की

गेले पंधरा दिवस एकच मेसेज फिरालाय. आधी आमच्या बेळगावच्या गाडीवाल्यांच्या ग्रुपात आला, मग निपाणीच्या मेव्हण्यानं पाठवला, काल तर मी शटर उघडायच्या आधीच एक गिऱ्हाईक तोच मेसेज मोबाईलवर काढून दारात उभं. मेसेजात म्हटलंय असं: पेट्रोलचा काटा खाली पडला किंवा नाचायला लागला म्हणजे टाकीतला सेन्सर गेला, हे सगळं इथेनॉलवाल्या पेट्रोलमुळं होतंय, आधी बॅटरीची वायर दहा मिनिटं काढून ठेवा, नाही जमलं तर पंपासकट अख्खी असेंब्ली बदला, आणि तोवर ट्रिप मीटरवर, म्हणजे चाललेले किलोमीटर मोजून, गाडी चालवा. मी उद्यमबागेत ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतोय, त्यामुळं गप्प बसवेना.

पहिलं, काटा पडला म्हणजे सेन्सर गेला. अहो काटा हा शेवटचा गडी. टाकीत दांड्याला लावलेला फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगणारा तुकडा असतोय, पेट्रोल कमी-जास्त झालं की दांडा हलतोय, त्याची बारकी जीभ एका पट्टीवरनं सरकती आणि रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा बदलतोय, तो ओहममधे मोजायचा. याला आम्ही टँक युनिट म्हणतो, मेसेजातला सेन्सर तो हाच. पुढं कनेक्टर, वायर, अर्थिंग (करंट बॉडीतनं परत जायची वाट), मग डॅशबोर्डवरचं मीटर. यात कुठंही गडबड झाली तरी काटा चुकणारच. बरं, वायर तुटली की काटा खालीच येतोय असंपण नाही, काही गाड्यांत उलटं असतंय, कनेक्टर काढला की काटा फुलवर जाऊन बसतोय.

मागच्या पावसाळ्यात खानापूरकडची एक कार आली. टाकी फुल, काटा अर्ध्यावर. दुसरीकडं कुठंतरी त्यांनी अख्खी असेंब्ली बदलून घेतलेली, हजारोंचं बिल, आणि काटा पुन्हा तिथंच! मागची सीट उचलली, झाकण काढलं, लाल माती नुसती. कनेक्टर सोडवून नव्या युनिटवर मल्टिमीटर लावला तर 4 ओहम, म्हणजे त्या गाडीच्या हिशेबानं टाकी फुल, बरोबर. मग गाडीकडच्या कनेक्टरातल्या अर्थच्या पिनेपासून बॉडीपर्यंत मोजलं तर तीसच्या वर, जिथं एक ओहमपण यायला नको. वायर धरून मागं मागं गेलो तर सीटच्या कडंला अर्थचा बोल्ट आणि त्यावर हिरवा मोरचूद चढलेला. त्या गाडीत रिकाम्या टाकीला 118 ओहम, भरलेल्याला 4, त्यामुळं मधे तीस-बत्तीस फुकटचे वाढले की मीटरला वाटणारच पेट्रोल कमी हाय. पॉलिश पेपर मारला, बोल्ट आवळला, वर थोडं ग्रीस, झालं काम. हे आकडे सगळ्या गाड्यांना नसतात, आपल्या गाडीचे मॅन्युअलात बघून घ्या.

आता समजा युनिटच खराब हाय. तेपण कळतंय की. बाहेर काढून दांडा हातानं हळूहळू वर न्यायचा, मल्टिमीटरवरचे आकडे सावकाश एकाच दिशेनं बदलत गेले पाहिजेत. मधेच आकडा उडाला किंवा सर्किट तुटल्यासारखं दाखवलं तर तिथं पट्टी घासलीय. काटा नेमका त्याच लेव्हलला आला की दगा देतोय, ही त्याची खूण. युनिटला डायरेक्ट बॅटरीचा करंट देऊन बघू नका, पट्टी जळती. आणि टाकी उघडताना बॅटरीची मायनस वायर काढा, दारं उघडी ठेवा, बिडी लांब.

नाचणारा काटा. चोर्ला घाटात चढाला काटा एका बाजूला गेला, उताराला परत आला, तर तो आजार नव्हे, टाकीतलं पेट्रोल एका बाजूला जातंय एवढंच. सपाट रस्त्यावर धारवाडकडं जाताना एकदम शून्य आणि परत अर्धा असं व्हायला लागलं तर मात्र बघायला पाहिजे.

बॅटरीची वायर काढायचा उपाय अगदीच खोटा नव्हे. मीटरातल्या बारक्या मोटरवर चालणारा काटा कधी अडकलेला असतोय, करंट तोडून परत दिला की तो शून्य धरून नीट येतोय. पण घासलेली पट्टी दहा मिनिटांत भरून येती होय? गंजलेला बोल्ट चकाचक होतोय?

इथेनॉलचं बोलायचं तर मला त्याचा काय पुळका नाही. इथेनॉल पाणी ओढतंय, जुन्या गाड्यांच्या रबरी पार्टांना त्रास होतोय हे खरं. पण माझ्याकडं डिझेल गाड्या याच तक्रारीनं येतात, त्यात कुठलं आलं इथेनॉल? या काट्यांचा जुना वैरी गंधक, चांदीच्या कॉन्टॅक्टवर काळा थर धरतोय. धुराचे बीएस सिक्स नियम आल्यावर, म्हणजे 1 एप्रिल 2020 पासनं, इंधनातला गंधक 50 पीपीएमवरनं (दहा लाखात 50 भाग) 10 वर आणलाय, म्हणजे त्या बाबतीत तरी पेट्रोल सुधारलंय.

अख्खी असेंब्ली, हे माझ्या डोक्यात जातंय. बऱ्याच गाड्यांत युनिट वेगळं मिळतंय, पंप ठणठणीत असताना तो फेकायचा कशाला? काही गाड्यांत सुटं मिळत नाही, तिथं इलाज नाही. पण निदान बदलायच्या आधी मेकॅनिकला विचारा, "अण्णा, मोजून बघितलासा काय?" तो चिडला तर समजून जावा.

राहिला ट्रिप मीटर. ही एक गोष्ट मेसेजवाल्यानं बरोबर सांगितलीय. टाकी फुल करा, ट्रिप शून्यावर आणा, आपल्या ॲव्हरेजचा हिशेब धरा. फक्त शेवटच्या थेंबापर्यंत ताणू नका, टाकीतला पंप त्या पेट्रोलनंच थंड राहतोय. आमच्या त्या मेव्हण्यानं मेसेज पाठवला खरा, आणि त्याच आठवड्यात संकेश्वरच्या अलीकडं हायवेला बंद पडून मलाच फोन लावला.