क्षेत्रफळावरून जाडी कळत नाही

उपग्रहचित्रांवरून हिमनदीचे क्षेत्रफळ मोजले की पाण्याचा साठा कळतो, असे तुमच्या हिमनद्यांवरील लेखात म्हटले आहे. ते मला पटले नाही, कारण साठा जाडीवर अवलंबून असतो आणि जाडी चित्रात दिसत नाही. रडारने ती थेट मोजता येते. बर्फात रेडिओलहरी एका मायक्रोसेकंदात सुमारे १६८ मीटर जातात, म्हणून तळाच्या खडकावर आपटून प्रतिध्वनी २ मायक्रोसेकंदांनी (एक जाण्याचा, एक येण्याचा) परतला, तर बर्फ साधारण १६८ मीटर जाड आहे असे समजावे. (वितळपाणी मुरलेल्या बर्फात लहरी विखुरतात, तेथे कमी वारंवारता वापरावी लागते.) जेथे रडार पोहोचत नाही, तेथे उतारावरून अंदाज बांधतात: तळाशी घर्षणताण (बर्फाच्या वजनामुळे तळावर उताराच्या दिशेने पडणारा ताण) सुमारे १०० किलोपास्कल धरल्यास ५ अंशांच्या उतारावर जाडी १३० मीटर येते, १० अंशांवर जेमतेम ६५. मात्र हा ताण सर्वत्र सारखा नसतो, आणि खरी चूक तेथेच शिरते. आमच्या गोव्यात, वास्कोला, राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. त्याचे स्पितीतील ‘हिमांश’ केंद्र २०१६ पासून हिमनद्यांचा अभ्यास करते. अशा प्रत्यक्ष मोजणीचा उल्लेख लेखात यायलाच हवा होता.