काकांची कमेंट हरवली त्याची गोष्ट

गेल्या वर्षी गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या दिवसांत जुन्या सोलापूरच्या एका ग्रुपवर मिलच्या भोंग्याचा विषय निघाला होता. एका काकांनी खाली भली मोठी कमेंट लिहिली. वडील रात्रपाळीला. सकाळचा भोंगा झाला की आई चहाचं आधण ठेवायची आणि वडील दारात आले की आधी त्यांच्या भुवयांवरचा कापूस झटकायची, मग पाण्याचा तांब्या द्यायची. भुवयांवरचा कापूस! मी तीनदा वाचलं. उतरवून मात्र ठेवलं नाही.

आषाढात काका गेले. मुलाने विचारलं, "दादा, बाबांनी तिकडं काहीतरी लिहिलेलं म्हणे, मिळंल का?" तोवर ग्रुपच बंद झालेला. दोन संध्याकाळी शोधत बसलो. नाही सापडलं.

म्हणून आज पोटतिडकीने सांगतोय. लिहिता ना? मग त्याची एक प्रत स्वतःच्या ब्लॉगवर ठेवा.

मी २०१० साली ब्लॉग सुरू केला. त्यात वडिलांच्या मागावर चादरीतला मोर कसा उतरायचा ते लिहिलं होतं. जेकार्डवर, म्हणजे मागावरच्या नक्षी उतरवणाऱ्या यंत्रावर, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरते. भोक असेल तिथला धागा वर उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. आडव्या धाग्याच्या एका फेरीला एक पुठ्ठा. एक पुठ्ठा मागेपुढे झाला की मोराची मान मोडलीच. तेव्हा ते पंधराएक जणांनी वाचलं असेल. यंदा सुरतेहून एका ताईंची मेल आली. त्यांचे आजोबा आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात विणकर होते. पुठ्ठ्यांबद्दल शोधताना त्यांना माझं लिखाण सापडलं, इतक्या वर्षांनी! इथल्या, म्हणजे सोशल मीडियावरच्या पोस्टचं आयुष्य दोन दिवसांचं, तिसऱ्या दिवशी माझी मलाच सापडत नाही.

इथे लिहूच नका असं मी म्हणत नाही. हा कट्टा आहे, काका बोलते झाले ते अशाच कट्ट्यावर. पण कट्टे उठतात. फुकट वेबसाइटला जागा देणारं जिओसिटीज २००९ मध्ये गेलं, ऑर्कुट हे सोशल नेटवर्क २०१४ मध्ये. ब्लॉगला जागा देणारं ब्लॉगर तरी काय, २००३ पासून गूगलचं, म्हणजे भाड्याचंच घर. फरक एवढाच की तिथला सगळा मजकूर एका फाइलमध्ये उतरवून घेता येतो, उद्या वर्डप्रेसवर नेता येतो. मी दर दिवाळीत ती फाइल काढून पेनड्राइव्हवर ठेवतो.

परवा काकांच्या घरी गेलो. मुलाला आठवलं तेवढं त्याने सांगितलं, माझ्या आठवणीतलं मी जोडलं, तिथेच बसून ब्लॉगवर टाकलं आणि काकूंना वाचून दाखवलं. आई पदराने कापूस झटकायची, असं मी लिहिलं होतं. काकू म्हणाल्या, "पदरानं नव्हे रे. सासूबाई फुंकर मारायच्या."

तेवढं दुरुस्त केलं.